फर्म्याशिवाय शिवण : पावसाळ्यातल्या नोंदी

२ जून

ठरलं एकदाचं. यंदाच्या पावसाळ्यात घरातले जमतील तेवढे कपडे घरच्याच मशीनवर शिवायचे आणि एकालाही कागदी फर्मा (तयार साइजचे, कापडावर ठेवून कापायचे कागदाचे तुकडे) वापरायचा नाही. कारण साधंय, मला कुठलाच तयार साइज बसत नाही, छातीला एक साइज बरोबर येतो तर सीटला (कमरेखालच्या घेराला) दुसरा लागतो आणि बाहीची उंची तिसऱ्याच कुणाची तरी असते, मग त्या फर्म्यात इकडे वाढव तिकडे कमी कर करण्यात जेवढा वेळ जातो तेवढ्यात अख्खा कुर्ता बेतून होतो.

दुसरं कारण मावशी. तिचा मिरजेत शिवणक्लास होता, मुलींना शिकवताना ब्राऊन पेपर वापरायची पण घरचं काही शिवायचं असलं की थेट कापडावर खडू. फोनवर तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं मग आधी पन्हा मोज, अंग नंतर मोज." पन्हा म्हणजे कापडाची रुंदी. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय कारण सगळं त्यातच आहे. आपण अंगाच्या मापापासून सुरुवात करतो आणि मग कापड पुरेल का बघतो. जुने कपडे उलट्या दिशेनं यायचे, मागावरून कापड जेवढ्या रुंदीचं उतरतं तेवढ्यात काय बसतं ते आधी बघायचं. कळीदार कुर्ता (बाजूंना कळ्या म्हणजे वर अरुंद, खाली रुंद तुकडे जोडलेला), परकर, झबलं, सगळं त्याच विचारातून आलेलं. जपानी किमोनोचंही तेच, त्याचं कापडच साधारण ३६ सेंटिमीटर रुंदीचं विणतात आणि सगळे तुकडे सरळ रेघेत कापतात, कुठेही गोलाई नाही.

पहिला कुर्ता कळीदार. माझाच.

४ जून

रविवार पेठेत कापडगंजात जाऊन आले. हातमागाचं सुती कापड घेतलं, फिक्कट निळं, प्लेन, ४४ पन्हा, सव्वादोन मीटर. दुकानदार अडीच घ्या म्हणत होते, गुडघ्याखाली कुर्ता म्हणजे अडीच लागतंच म्हणे. गोल मुंढ्याचा (मुंढा म्हणजे बाही जोडायचा गोल काप) शिवला तर लागतंही, कारण मुंढ्याच्या आणि बाहीच्या गोलाईत बरंच कापड चिंध्यांत जातं. माझा हिशोब सरळ तुकड्यांचा आहे त्यामुळे सव्वादोनवर ठाम राहिले.

प्लेन मुद्दाम घेतलं. कळ्या कापताना एक सुलटी एक उलटी अशा निघतात, कापडावर कोयऱ्या किंवा वेली असल्या तर निम्म्या कळ्यांवर त्या डोक्यावर उभ्या राहतात. पहिल्या कुर्त्याला प्लेन किंवा दोन्ही बाजूंनी सारखीच दिसणारी बारीक बुट्टी, एवढं पाळलं तरी खूप झालं.

५ जून

कापड रात्रभर साध्या पाण्यात भिजत ठेवलं. हातमागाचं सुती आटतंच, किती आटेल ते प्रत्येक ठाणाचं वेगळं. मावशी ह्याला कापडाला पाणी दाखवणं म्हणते आणि त्याशिवाय कात्री हातात घेऊ देत नाही. पिळायचं नाही, तसंच निथळत टाकायचं. पावसाळी हवेत वाळायला वेळ लागला, मग किंचित ओलं असतानाच इस्त्री केली, ह्यात उभे-आडवे धागे सरळ बसतात. आता मोजलं तर लांबी बरोबर ८५ इंच. आणलं होतं साडेअठ्ठ्याऐंशी.

८ जून

आज बेतलं. माझी छाती ३६, कुर्त्याची उंची ४०. हिशोब जरा सविस्तर लिहिते, कारण एकदा हा समजला की कुठल्याही मापाला चालतो.

मधला पट्टा तयार १४ इंच रुंद, पुढचा आणि मागचा एकच सलग, खांद्याला जोड नाहीच. दोन्हीकडे अर्धा अर्धा इंच माया (शिलाईत जाणारं जास्तीचं कापड) म्हणून १५ इंच रुंद आणि ८४ इंच लांब कापायचा (४० दुप्पट, दोन्ही टोकांना दीड दीड इंच दुमडायला, आणि एक इंच मावशीचा, तो पुढे सांगते). ४४ मधून १५ गेले, उरला २९ इंचाचा पट्टा. त्यातून आधी ३४ इंच लांबीचा तुकडा काढला, त्याचे उभे दोन भाग साडेचौदाचे. प्रत्येक भागावर वरच्या काठावर ५ इंचांवर खूण, खालच्या काठावर त्याच बाजूनं साडेनऊवर खूण, दोन्ही खुणा तिरप्या रेघेनं जोडल्या आणि कापलं की दोन कळ्या, दोन्ही अगदी सारख्या. एक उलटी फिरवली की झालं. अशा चार कळ्या निघाल्या आणि एक इंचही वाया गेलं नाही.

उरलं २९ बाय ५१ (शेवटचा इंचभर सोडून देऊ). त्यातून दोन बाह्या, १७ इंच घेराला आणि १९ लांबीला. मग काखेतले दोन चौकोन ५ बाय ५ चे. ह्यानंतरसुद्धा खिशाला आणि गळ्याच्या उरेब (धाग्याला तिरक्या कापलेल्या) पट्टीला पुरेल इतकं कापड शिल्लक आहे.

छातीला किती मिळतंय? मधला पट्टा पुढून १४ मागून १४ म्हणजे २८, आणि चार कळ्यांची वरची टोकं शिवून ४ इंच प्रत्येकी म्हणजे १६. एकूण ४४. ३६ ला ८ इंच मोकळं, सुती कुर्त्याला ह्याहून कमी नको, आपल्या हवेत अंगाला कापड चिकटता कामा नये. खालचा घेर २८ अधिक साडेआठ चोक ३४, म्हणजे ६२. गाडीवर बसताना, जिना चढताना पाय मोकळा पडतो.

कापणं कमी आणि फाडणंच जास्त केलं खरं तर. किनारीला कात्रीनं छोटीशी चीर द्यायची आणि दोन्ही हातांनी टर्र करून फाडायचं, सुती कापड धाग्याबरोबर सरळ फाटतं, पट्टीनं रेघ मारून कात्रीनं कापलेलं एवढं सरळ येत नाही. फाडलेल्या काठाला दोऱ्यांची थोडी लव सुटते, ती मायेत जाते. कात्री फक्त कळीच्या तिरप्या रेघेला लागली.

९ जून

गळा. ह्या कुर्त्यात गोल असा एवढाच काप आहे आणि तो सगळ्यात नाजूक.

मावशीचा एक इंच म्हणजे हा : मधला पट्टा दुमडताना घडी बरोबर मध्यावर घालायची नाही, पुढचा भाग मागच्यापेक्षा एक इंच लांब ठेवायचा. खांद्याला जोड नसलेला कुर्ता घातला की हळूहळू मागे सरकतो आणि पुढून गळ्याला टोचायला लागतो. आपले खांदे किंचित पुढे असतात ना, त्यामुळे. तो इंच पुढे दिला की कुर्ता जागेवर बसतो. आधी जुन्या चादरीच्या तुकड्यावर करून बघितलं, दोन्ही प्रकार गळ्यात घालून आरशासमोर हात वर-खाली केले, फरक स्पष्ट दिसतो.

गळ्याची रुंदी ६ इंच, मागे खोली एकच इंच, पुढे साडेतीन आणि तिथून खाली ५ इंचांची उभी चीर. पुढची गोलाई स्टीलच्या वाटीनं काढली, घरात सहा इंच व्यासाची वाटी असतेच. काप नेहमी रेघेच्या आतून घ्यायचा, पट्टी लावताना माया जाते आणि गळा आपोआप मोठा होतो.

उरेब पट्टी सव्वा इंचाची. कापडाचा कोपरा तिरका दुमडून ४५ अंशात पट्ट्या काढायच्या, सरळ पट्टी गोलाईला बसत नाही, चुण्या पडतात. पट्टी सुलट बाजूनं शिवून आत वळवली आणि हातानं हेम घातलं. मशीनची टीप इथे मला आवडत नाही, गळ्याजवळ कडक लागते.

१२ जून

दुपारी लाईट नव्हती, पण माझं मशीन पायाचं, काळं, जुनं, त्याला काही फरक पडत नाही. १४ नंबरची सुई, टाका मध्यम.

जोडायचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी बाही मधल्या पट्ट्याला, बाहीचा मध्य खांद्याच्या रेघेवर (पुढे ढकललेली रेघ नव्हे, दोन्ही टोकांपासून सारखं अंतर मोजून नव्हे, तर गळ्यात घालून खांद्यावर जिथे येते तिथे टाचणी लावायची). बाही दोन्हीकडे ८-८ इंच खाली येते. ती जिथे संपते तिथून कळी सुरू. कळीची तिरपी बाजू मधल्या पट्ट्याच्या सरळ बाजूला जोडायची आणि कळीची सरळ बाजू बाहेर, बाजूच्या शिलाईला. उलटं केलं तर दोन तिरप्या बाजू एकत्र येतात आणि बाजूची शिलाई काही धुण्यांत लोंबायला लागते. तिरप्या कापडाला सरळ कापडाचा आधार, हा नियम कळ्यांच्या प्रत्येक कपड्याला लागू आहे, परकरालासुद्धा.

तिरपी बाजू मशीनखाली ओढायची नाही. कळी खाली आणि पट्टा वर ठेवला की मशीनचे दात कळीचं जास्तीचं थोडं थोडं आत घेतात. आणि आधी कच्चा धावदोरा. टाचण्या मला तिरप्या शिलाईत पुरेशा वाटत नाहीत.

शिलाई सगळीकडे दुहेरी केली : आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून दोन सुतांवर (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) टीप, मग सुटलेले दोरे कापून, उलटवून, आतून पुन्हा दोन सुतांवर. माया अर्धा इंच होती ती अशी पूर्ण वापरली जाते आणि ओव्हरलॉकची गरजच राहत नाही. कुर्ता आतून बघितला तरी एक दोरा दिसत नाही. मला हे फार आवडतं, अंगाला लागणारी बाजू आतलीच असते ना.

१३ जून

काखेतला चौकोन. ह्याच्यावर मी सबंध सकाळ दिली आणि ती सार्थकी लागली.

चौकोनाचं एक टोक बाहीकडे, समोरचं टोक खाली घेराकडे, उरलेली दोन टोकं पुढे आणि मागे. वरच्या दोन बाजू बाहीच्या खालच्या काठाला जातात, एक पुढून एक मागून. खालच्या दोन बाजू पुढच्या आणि मागच्या कळीच्या वरच्या टोकाला. म्हणूनच कळीचं वरचं टोक ४ आणि चौकोनाची बाजू ४ हे सारखं ठेवलं होतं. पुढचं टोक जिथे येतं तिथे पट्टा, बाही, कळी आणि चौकोन असे चार तुकडे एका बिंदूत भेटतात. त्या बिंदूच्या अलीकडे दोन सूत टीप थांबवायची, सुई कापडातच रोवून मशीनचा कापड दाबणारा फूट उचलायचा, कापड फिरवायचं, मग पुढची बाजू. कोपऱ्यातून सरळ टीप मारत गेलं तर तिथे चिमटा बसतो आणि तो इस्त्रीनं जात नाही. इथे दुहेरी शिलाई केली नाही, जाड होते, साधी टीप मारून माया दुमडून वरून दुसरी टीप मारली.

मग बाहीच्या टोकापासून काखेत, काखेतून घेरापर्यंत एकच लांब शिलाई, खाली ९ इंच उघडं सोडलं.

घालून बघितला. हात सरळ वर केला तरी कुर्ता कमरेतून वर उचलला जात नाही. दोरीवर कपडे वाळत घालताना, बसमध्ये वरची दांडी धरताना, माळ्यावरचा डबा काढताना नेहमीचा फिटिंगचा कुर्ता कसा पोटावरून वर जातो ते प्रत्येक बाईला माहितीये. त्या चौकोनानं हे सगळं थांबतं, कारण हात वर गेला की तो आडवा पसरतो आणि लागेल तेवढं कापड देतो. गोल मुंढ्याच्या कपड्यात ही सोय नाही. फिटिंग सुंदर दिसतं मान्य, पण रोज काम करणाऱ्या अंगाला मला हा काप जास्त माणुसकीचा वाटतो.

१४ जून

कुर्ता हँगरला लावून ठेवलाय. कळ्यांचं कापड स्वतःच्या वजनानं खाली उतरतं, ते उतरू द्यायचं आणि मगच खालचा काठ सारखा करून दुमडायचा. आज हात लावणार नाही.

१६ जून

काठ सारखा केला. बाजूंना मधल्यापेक्षा खाली आलं होतं, तेवढं छाटलं, दुमडून हेम घातलं. उजवीकडच्या शिलाईत खिसा, मोबाईल पूर्ण आत जाईल एवढा. पहिला कुर्ता पूर्ण.

२१ जून

मावसबहिणीला मुलगी झाली. झबली हवीत, आणि झबल्यासारखा फर्म्याशिवायचा दुसरा कपडा नाही. बाबांचं जुनं धोतर काढलं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. नव्या कापडाचं तान्ह्या बाळाला काही शिवू नये असं आई म्हणते आणि ते बरोबरच आहे, नव्या कापडाला खळ असते.

तान्ह्या बाळाची छाती साधारण १३ इंच. झबल्याचा घेर २० धरला. एकच सलग तुकडा, वर घडी, गळ्याला छोटी गोलाई, मागून पूर्ण उघडं, बंद दोन. बटण नाही, बाळ पाठीवर झोपतं तेव्हा टोचतं. आणि सगळ्या शिलाया बाहेरच्या बाजूला ठेवल्या, म्हणजे दिसायला उलटं वाटेल पण बाळाच्या अंगाला एकही दोरा लागणार नाही. उरलेल्याची दुपटी झाली.

२९ जून

भाचीला घेराचा स्कर्ट हवाय, गोल फिरल्यावर छत्रीसारखा उघडणारा. वय ८. हा पूर्ण गोलाचा असतो आणि त्याला फर्मा म्हणजे फक्त एक सुतळी आणि खडू.

कमरेला इलॅस्टिक घालणार, त्यामुळे मधलं भोक कमरेच्या मापाचं घेऊन चालत नाही, ते सीटवरून वर चढायला हवं. सीट २६. परीघ भागिले ६.२८ म्हणजे त्रिज्या, २६ ला ४.१ च्या आसपास, मी ४ घेतली कारण माया गेल्यावर भोक वाढतंच. स्कर्टची उंची २० आणि दुमडायला अर्धा इंच. म्हणजे मध्यापासून साडेचोवीस, पूर्ण गोल ४९ इंचांचा. इथे पुन्हा मावशीचं वाक्य! ४४ पन्ह्यात हा गोल बसतच नाही, अर्धे दोन करून बाजूंना जोड घ्यावा लागतो. ५८ पन्ह्यात सलग बसतो. मी ५८ चं कॉटन घेतलं, दीड मीटर.

कापडाची चार पदरी घडी, घडीच्या कोपऱ्यावर सुतळीचं एक टोक अंगठ्यानं दाबून धरायचं, दुसऱ्या टोकाला खडू बांधून आधी ४ इंचांवर आणि मग साडेचोवीसवर पाव गोल. कात्री. उलगडलं की गोल. भाचीला हे बघायला बोलावलं होतं, तिनं घडी उलगडली तेव्हा काय ओरडली!

४ जुलै

स्कर्ट टांगून ठेवला होता, आज उतरवला. गोलाचं कापड चार ठिकाणी लोंबलं, जिथे उरेब येतं बरोबर तिथेच, आणि जिथे धागा सरळ खाली येतो तिथे जराही नाही. भाचीला टेबलावर उभं करून जमिनीवरून नाही तर टेबलावरून पट्टीनं मोजत सगळीकडे सारखी खूण केली आणि खालचं जास्तीचं छाटलं. बारीक दुमड, मशीननं.

१० जुलै

ब्लाउजचं काय, असं दोघीतिघींनी विचारलंय. माझं स्पष्ट मत आहे की अंगाबरोबरचा, टक्सचा, अस्तर लावलेला ब्लाउज ह्या पद्धतीत ओढूनताणून बसवू नये. तिथे कापडाला छातीचा उंचवटा द्यायचा असतो, तो चौकोनातून येत नाही. त्यासाठी नीट ड्राफ्टिंग शिकावं, नाहीतर मापाचा ब्लाउज टेलरला द्यावा. जो ब्लाउज नीट बसतो आणि आता विरलाय तो उसवून त्याचेच तुकडे कापडावर ठेवून कापणं हा तिसरा रस्ता, पण तो मग फर्माच झाला, कापडाचा.

फर्म्यावर माझा राग नाही. १८६३ च्या सुमारास अमेरिकेत एबेनेझर बटरिकनं वेगवेगळ्या साइजचे कागदी फर्मे विकायला काढले आणि घरोघरच्या बायकांना फॅशनचे कपडे शिवता यायला लागले, ही मोठीच गोष्ट होती. पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक कपडे शिवतायत. चोळीचा खण बघा, एका चोळीला लागेल तेवढाच तुकडा म्हणून विकला जायचा. बेत आधी ठरलेला आणि कापड त्याच्या मागून.

१९ जुलै

शेजारच्या काकूंनी माझा कुर्ता बघून तसाच मागितलाय. छाती ४४, उंची ४०, सीट ४६. "माझ्या मापाचं तयार काही मिळतच नाही गं, मिळालं तर खांदा कोपरापर्यंत येतो," म्हणाल्या. तयार कपड्यांत साइज वाढवताना खांदाही वाढवतात, प्रत्यक्षात काकूंचा खांदा माझ्यापेक्षा जेमतेम इंच दोन इंच जास्त आहे.

म्हणून मधला पट्टा फक्त २ इंचांनी वाढवला, तयार १६. कळीचं वरचं टोक ५. म्हणजे ३२ अधिक २०, ५२ झाले, त्यांनाही ८ इंच मोकळे. वाढ खांद्यात न जाता काखेखाली गेली, जिथे हवी तिथेच. चौकोनाची बाजूही ५, कापायला ६.

सव्वादोन मीटरमध्ये मात्र हे होत नाही. ४४ पन्ह्यातून पट्ट्याला १७ गेले की उरतात २७, त्यात कळ्या बसवल्या तर खालचं टोक तयार साडेसहाच मिळतं आणि घेर ५८ वर अडतो. सीट ४६ ला ५८ म्हणजे चालताना पायात येणार. काकूंना ३ मीटर आणायला सांगितलं. पट्ट्याशेजारच्या २७ इंचांतून बाह्या आणि चौकोन, आणि जास्तीच्या तुकड्यातून पूर्ण पन्ह्याच्या कळ्या : १८-१८ इंचांचे दोन भाग, वर ६ खाली १२. शिवून घेर ७६.

२३ जुलै

काकूंचं कापड मोरपंखी आहे, बारीक चौकडा, दोन्हीकडून सारखा दिसतो, त्यामुळे कळ्यांचा प्रश्न नाही. आटून ११४ इंच भरलं, लागतंय ८४ आणि ३४ म्हणजे ११८. म्हणून उंची ४० ची ३९ केली आणि कळ्याही इंचभर कमी, एकूण ११५, उरलेला एक इंच खालच्या दुमडीतून काढला. काकूंना विचारलं तर म्हणाल्या एक इंचानं काही बिघडत नाही, पण खिसे दोन्ही बाजूंना हवेत, एकात चष्मा आणि एकात किल्ल्या.